अँटिसायकोटिक औषधं पाठ करू नका, वॉर्डात वाचा

मानसोपचार वॉर्डात पोस्टिंगला नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी त्यांच्या ड्रग स्टडीच्या वह्या मागून घेते. वह्या देखण्या असतात. हिरव्या स्केचपेननं चौकटी आखलेल्या, एकेका अँटिसायकोटिक, म्हणजे भास-संशयावरच्या, औषधाखाली पंचवीस-पंचवीस दुष्परिणाम, मळमळीपासून डोकेदुखीपर्यंत. मग त्यातल्याच एखादीला मी सहा नंबरच्या खाटेपाशी नेते आणि विचारते, "या दादांकडे बघ. काय चालू असेल त्यांना?" दादा खाटेच्या कडेला बसलेले. चेहरा कोरा, पापणी क्वचित लवते, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जपमाळ ओढल्यासारखी फिरतायत. मुलगी माझ्या हातातली वही परत मागते.

मी नर्स आहे, डॉक्टर नाही. डोस ठरवणं माझं काम नाही. पण दिलेला डोस त्या माणसात काय करतोय, हे चोवीस तासांत सगळ्यात आधी आमच्याच डोळ्यांना दिसतं. म्हणून जीएनएम, बीएस्सी नर्सिंग, फार्मसी, अगदी एमबीबीएसच्या मुलांनाही मी एकच सांगते: रिसेप्टरपासून, म्हणजे औषध पेशीवर जिथे बसतं तिथपासून, सुरू करा आणि खाटेपाशी येऊन थांबा. मधली पानं आपोआप लक्षात राहतात.

माझं माहेर प्रवरेच्या कालव्यावरचं. त्यामुळे डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, मी पाटाच्या पाण्यावरच शिकवते. मेंदूत डोपामिनचे मार्ग आणखीही आहेत, पण आपल्या कामाच्या चाऱ्या चार. पहिली मेसोलिम्बिक. इथे पाणी जास्त झालं की भास होतात, संशय येतो, शेजारी आपल्यावरच बोलतायत असं वाटतं. दुसरी मेसोकॉर्टिकल. उत्साह, इच्छा, कामाला लागण्याची उभारी हिच्यावर, आणि स्किझोफ्रेनियात ही आधीच कोरडी असते असं मानतात. तिसरी नायग्रोस्ट्रायटल, हालचालीची. चौथी ट्युबरोइन्फंडिब्युलर. हिच्यातलं डोपामिन प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध आणणाऱ्या संप्रेरकाला, दाबून धरतं.

डोपामिनचे डी-टू रिसेप्टर म्हणजे वाफ्यांची दारं. अँटिसायकोटिक गोळी त्या दारांत ढेकळं टाकते. पहिल्या चारीला पूर आलाय म्हणून ढेकळं टाकायची असतात, पण गोळीला चारी ओळखता येत नाही. ती चारही चाऱ्यांवर सारखीच टाकत जाते. पहिलीत फायदा दिसतो, दुसरीत माणूस आणखी मंद होतो, तिसरीत हात-पाय ताठरतात, चौथीत प्रोलॅक्टिन मोकाट सुटतं. मुख्य परिणाम आणि दुष्परिणाम असे दोन तक्ते वेगळे पाठ करायची गरजच नाही. ढेकूळ एकच, वाफे वेगळे.

आकडेही याच चित्रात बसवा. साधारण 65 टक्के दारं बंद झाली की भास कमी व्हायला लागतात. 72 टक्क्यांच्या आसपास प्रोलॅक्टिन वाढतं. 78 ते 80 टक्क्यांच्या वर गेलं की ताठरपणा आणि थरथर. म्हणजे फायदा आणि त्रास यांच्यामधला बांध जेमतेम तेरा-पंधरा टक्क्यांचा. जरा जास्त दिलं तर लवकर बरं वाटेल, हा नातेवाइकांचा आणि कधीकधी आपलाही समज इथेच फसतो.

थोडा इतिहास सांगते, कारण पुढे तो उपयोगी पडतो. डिसेंबर 1950 मध्ये फ्रान्सच्या रोन-पूलँक कंपनीत क्लोरप्रोमाझिन तयार झालं आणि 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात जाँ दिले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. बहुतेक पुस्तकं इथूनच सुरुवात करतात. पण त्याआधीच, 1931 मध्ये, कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा वेड आणि रक्तदाब यांवरचा उपयोग लिहून ठेवला होता. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये ती रक्तदाबासाठी जगासमोर आणली आणि 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. रेसरपिन दारं बंद करत नाही, ते तळंच आटवतं. पेशीत डोपामिन साठवायच्या पिशव्या ते भरू देत नाही. भास कमी व्हायचे, पण रक्तदाब कोसळायचा, माणूस उदास व्हायचा. म्हणून ते मागे पडलं. "तळं आटवणं" हे शब्द लक्षात ठेवा, परत लागतील.

आता शेजारी, म्हणजे बाकीचे रिसेप्टर. गोळी फक्त डी-टूवर बसती तर अभ्यास इथेच संपला असता. पण जुनं क्लोरप्रोमाझिन दिसेल त्या दारात शिरतं. हिस्टामिनचं एच-वन अडवलं की झोप आणि भूक. अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचं मस्करिनिक अडवलं की तोंड कोरडं, शौचाला खडा, लघवी अडकते, जवळचं धूसर दिसतं. अ‍ॅड्रेनालिनचं अल्फा-वन अडवलं की उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी. हॅलोपेरिडॉल (1958, बेल्जियम, पॉल यान्सन यांची प्रयोगशाळा) याच्या उलट स्वभावाचं. शेजाऱ्यांकडे फारसं जात नाही, पण डी-टूवर घट्ट बसतं. म्हणून क्लोरप्रोमाझिनचा पेशंट पेंगतो आणि पडतो, हॅलोपेरिडॉलचा ताठरतो. साधारण 100 मिग्रॅ क्लोरप्रोमाझिन म्हणजे 2 मिग्रॅ हॅलोपेरिडॉल. त्यामुळे चार्टवर "10 मिग्रॅ" दिसलं म्हणून तो छोटा डोस समजू नका.

व्हायवात हमखास विचारतात ते इथेच सांगून टाकते. क्लोरप्रोमाझिनमुळे रक्तदाब पडला तर अ‍ॅड्रेनालिन का द्यायचं नाही? कारण अल्फाची दारं आधीच बंद आहेत. अ‍ॅड्रेनालिनला बीटाच उरतं, बीटा-टूमुळे रक्तवाहिन्या आणखी सैल होतात आणि दाब अजून खाली जातो. आधी पेशंटला आडवं करा, पाय वर घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

आता घड्याळ. वहीत ईपीएस, म्हणजे हालचालींच्या दुष्परिणामांखाली, चार नावं एकाखाली एक लिहिलेली असतात, त्यातून काहीच कळत नाही. ती वेळेच्या रेषेवर मांडा: तास, दिवस, आठवडे, महिने.

तासांपासून पहिल्या चार-पाच दिवसांत येतो तो अक्यूट डिस्टोनिया, म्हणजे स्नायू एकाएकी आवळून राहणं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. आरडाओरडा, दोन माणसांना आवरत नव्हता. ऑर्डरप्रमाणे मी हॅलोपेरिडॉल 10 मिग्रॅ दंडात दिलं, नुसतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची मान डावीकडे वळली आणि तिथेच राहिली. बुबुळं वर चढलेली, जबडा घट्ट. आजी म्हणाली बाहेरची बाधा आहे, आणि तिनं उशीखाली लिंबू ठेवलं. मी आजीला मनात हसले, पण मी काय केलं? मला वाटलं पोरगं नाटक करतंय, आणि नर्सेस नोटमध्ये लिहिलं, "रुग्ण सहकार्य करत नाही." आजीचं निदान चुकलं होतं तसं माझंही. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि प्रोमेथाझिन 50 मिग्रॅ स्नायूत द्यायला सांगितलं. वीस मिनिटांत मान सरळ झाली. मुलगा पाणी प्यायला आणि म्हणाला, "सिस्टर, मी नाटक करत नव्हतो." ती नोट खोडता येत नाही. अजून कुठल्यातरी रेकॉर्ड रूममध्ये असेल.

कारण साधं आहे. हालचालीच्या चारीत डोपामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन तराजूच्या दोन पारड्यांसारखी. डोपामिनचं पारडं एकदम रिकामं केलं की दुसरं खाली बसतं. प्रोमेथाझिन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल त्या दुसऱ्या पारड्यातलं वजन काढतं. तरुण पुरुष, पहिल्यांदाच औषध, जास्त डोसचं हॅलोपेरिडॉल: हे तिन्ही जुळलं तर मानेवर, डोळ्यांवर आणि जिभेवर नजर ठेवा. घशाचे स्नायू आवळले तर श्वासाचाच प्रश्न येतो. ब्राझीलमधल्या रिओत खवळलेल्या रुग्णांना नुसतं हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिनसोबत हॅलोपेरिडॉल अशी तुलना केली होती, 2007 मध्ये ती छापून आली. नुसत्या हॅलोपेरिडॉलच्या गटात इतका डिस्टोनिया दिसला की चाचणी मध्येच थांबवावी लागली. ट्रेमध्ये हॅलोपेरिडॉलशेजारी प्रोमेथाझिनचा अ‍ॅम्प्युल दिसतो तो यासाठी.

दिवस ते आठवडे, तेव्हा अकॅथिसिया. पेशंट म्हणतो, "पाय ठरत नाहीत." बसतो, उठतो, उभ्या उभ्या पाय बदलतो, व्हरांड्यात फेऱ्या मारतो. याला खवळलेपणा समजून डोस वाढवला की त्रासही वाढतो, मग आणखी डोस. हे चक्र मी किती वेळा पाहिलंय ते मोजलं नाही. सरळ विचारा: "डोक्यात विचार आहेत म्हणून फिरता, की पायांना स्वस्थता नाही म्हणून?" बहुतेक जण अचूक उत्तर देतात, आपण विचारत नाही इतकंच. डॉक्टर डोस कमी करतात किंवा प्रोप्रॅनोलॉल देतात. पेशंटला दमा असेल तर तेवढं आधी त्यांच्या कानावर घाला. आणि अकॅथिसिया असह्य झाला तर माणूस जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतो, म्हणून तो नोटमध्ये आलाच पाहिजे.

आठवड्यांनी पार्किन्सनिझम. सहा नंबरचे दादा. त्यांचा हात कोपरात हळूहळू सरळ करून बघा, दात्यांच्या चाकासारखा अडत अडत सरळ होतो. चालताना हात झुलत नाहीत.

महिन्या-वर्षांनी टार्डिव्ह डिस्किनेशिया. तोंडात सुपारी घोळवल्यासारखी जबड्याची आणि जिभेची हालचाल. आधी तोंड उघडायला सांगून खरंच सुपारी, तंबाखू किंवा सैल कवळी नाही ना, ते बघा. हसू नका, एका विद्यार्थ्यानं सुपारीलाच टार्डिव्ह लिहिलं होतं. मग जीभ आत ठेवूनच तोंड उघडं ठेवायला सांगा आणि त्याच वेळी एका हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवायला लावा. लक्ष हाताकडे गेलं की जीभ वळवळायला लागते. वर्षानुवर्षं दारं बंद राहिल्यामुळे इथे वाफे उलट जास्तच तहानलेले होतात, असं मानतात. म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल इथे चालत नाही, उलट त्रास वाढवू शकतं. आता ते तळं आठवा. टेट्राबेनाझिन आणि 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हॅल्बेनाझिन टार्डिव्हवर वापरतात, आणि ती दोन्ही रेसरपिनच्याच जागी, डोपामिन भरणाऱ्या त्या पंपावर काम करतात. सर्पगंधेची युक्ती मागच्या दारानं परत आली.

या घड्याळाला एक काटा असा आहे की तो कधीही फिरू शकतो: न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. ताप, शिशाच्या नळीसारखा ताठरपणा, वरखाली होणारा रक्तदाब, घाम, भ्रमिष्टपणा. अँटिसायकोटिक चालू असलेला माणूस तापला आणि ताठरला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. पुढचा डोस थांबवून लगेच कळवायचं, सीपीके ही स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी मागवतील. उन्हाळ्यात आणखी एक भानगड. ही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्यात ढवळाढवळ करतात आणि मस्करिनिक अडवणारी घामही आटवतात. एप्रिल-मेमध्ये शेतावर जाणाऱ्या पेशंटला पाणी, टोपी आणि दुपारची सावली हे गोळीइतकंच समजावून सांगा.

नव्या पिढीच्या औषधांवर मी फार वेळ घालवत नाही. ही बहुतेक औषधं डी-टूसोबत सेरोटोनिनचं फाइव्ह-एचटी-टू-ए दारही अडवतात, त्यामुळे हालचालीच्या चारीत डोपामिन थोडं सुटतं आणि ताठरपणा कमी होतो. रिस्पेरिडोन दिवसाला 6 मिग्रॅच्या वर गेलं की जुन्यांसारखंच वागायला लागतं, आणि प्रोलॅक्टिन तर कमी डोसलाही वाढवतं. बायकांची पाळी चुकते, क्वचित दूध येतं. अविवाहित मुलीची पाळी दोन महिने आली नाही की घरात काय वादळ उठतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून सुरुवातीलाच आईला नाही, मुलीला सांगा. आणि औषध बदलून अ‍ॅरिपिप्राझोल केलं की पाळी परत येते, दिवसही राहू शकतात, हे विवाहितेला सांगायचं राहून जातं. अ‍ॅरिपिप्राझोल हे अर्धवट उघडं दार. पूर असेल तर अडवतं, दुष्काळ असेल तर थोडं सोडतं. अर्धायुष्य साधारण 75 तास, म्हणजे एखादा डोस चुकला तर आभाळ कोसळत नाही. पण पाय ठरत नाहीत ही तक्रार त्याच्यातही भरपूर.

क्वेटियापिनचं ढेकूळ सैल, बसतं आणि वाहून जातं. कमी डोसला ते जवळजवळ झोपेचंच औषध. ओलान्झापिन गुणाचं, पण माणूस दोन महिन्यांत पँट बदलतो. भूक एच-वन आणि फाइव्ह-एचटी-टू-सीमुळे. म्हणून पहिल्या गोळीआधी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड. आपल्या लोकांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषाला 90 सेंमी, बाईला 80. वॉर्डात टेप नसेल तर शिंप्याची आणा, मी तेच करते.

क्लोझापिनवर मात्र थांबायला हवं. दोन औषधं पुरेशा डोसनं, पुरेसे आठवडे देऊन उपयोग झाला नाही की याचा नंबर. 1975 मध्ये फिनलंडमध्ये यामुळे पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन माणसं दगावली आणि ते बाजूला पडलं. 1988 च्या एका अमेरिकन चाचणीत, कशालाच दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी सहा आठवड्यांत क्लोझापिनवर 30 टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनवर 4 टक्के. तेव्हा ते परत आलं, रक्ततपासणीची अट घेऊन. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी 1500 च्या खाली गेल्या की धोक्याची घंटा. पेशंटला सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीचं, महत्त्व सांगताना माझं वाक्य ठरलेलं: "ताप आला किंवा घसा दुखला तर मेडिकलमधून परस्पर गोळी घ्यायची नाही, आधी रक्त दाखवायचं."

सुरुवात 12.5 मिग्रॅनं, हळूहळू चढत. 48 तासांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर थेट उडी नाही, पुन्हा 12.5 पासून. म्हणून "शेवटची गोळी कधी घेतली?" हा प्रश्न दाखल होताना विचाराच, तारीख आणि वेळ दोन्ही. सकाळी उशी ओली दिसली तर ती लाळ. मस्करिनिक अडवणाऱ्या औषधात लाळ कशी वाढते, हा प्रश्न पडला तर तुम्ही नीट वाचताय. क्लोझापिन मस्करिनिकच्याच एम-फोर या एका दाराला उलट चालना देतं आणि लाळ गिळण्याची क्रिया मंदावते, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. लाळेपेक्षा मला भीती बद्धकोष्ठाची. आतडं ठप्प होऊन माणसं मेली आहेत. शौचाला झाली का, हे रोज विचारायचं आणि लिहायचं.

आणि विडी. विडी-सिगारेटचा धूर यकृतातलं सीवायपी-वन-ए-टू हे एन्झाइम वाढवतो, ते क्लोझापिन जाळतं. घरी दिवसाला एक बंडल ओढणारा पेशंट वॉर्डात आला की विडी बंद, एन्झाइम आठवड्याभरात खाली, आणि त्याच डोसला रक्तातलं क्लोझापिन दीडपट किंवा त्याहून वर. मग गुंगी, लाळ, फिटचा झटका. आम्ही म्हणतो औषध सोसत नाही. उलटही होतं: वॉर्डात बेतलेला डोस घेऊन तो घरी जातो, फाटकाबाहेर विडी पेटवतो आणि पंधरा दिवसांत भास परत. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री यांनी हे एन्झाइम वाढत नाही. त्यामुळे "व्यसन: तंबाखू" एवढं लिहून भागत नाही. ओढतो की मळतो, ते लिहा. ओलान्झापिनलाही हाच नियम, थोडा सौम्य.

राहिलं डेपो इंजेक्शन, एकदा टोचलं की काही आठवडे पुरणारं. गोळी गालात दाबून नंतर थुंकणारे, किंवा बरं वाटलं की सोडून देणारे, यांच्यासाठी. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट 25 मिग्रॅ, दोन ते चार आठवड्यांनी. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट महिन्यानं. साधं हॅलोपेरिडॉल आणि डेकॅनोएट यांच्या अ‍ॅम्प्युलवरचं नाव दोनदा वाचा, डेकॅनोएट शिरेत कधीच नाही. दोन्ही तिळाच्या तेलात असतात. सिरिंज आणि सुई कोरडीठाक हवी, फ्लुफेनाझिनमध्ये पाण्याचा अंश गेला की औषध गढूळ होतं. सुई 21 नंबरची, तेल बारीक सुईतून चढत नाही. कातडी बाजूला ओढून झेड-ट्रॅकनं खोल स्नायूत, सावकाश. टोचल्यावर चोळायचं नाही. डावी बाजू की उजवी ते कार्डावर लिहायचं, पुढच्या खेपेला दुसरी.

तिळाची अ‍ॅलर्जी आहे का, असं विचारलं तर समोरून नुसतं "काय?" येतं. म्हणून मी विचारते, "संक्रांतीला तिळगूळ खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं का?" मागे एका मावशींना त्यांच्या मुलाबद्दल हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "खातो की चांगला वाटीभर. पण गोड काही बोलत नाही मेला." मुलगा पालथा पडल्या पडल्या हसला. महिनाभरात पहिल्यांदा. मी कार्डावर लिहिलं: तिळाची अ‍ॅलर्जी नाही, उजवी बाजू, पुढची तारीख 28 दिवसांनी.